डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा करता?

मला गुदाशयाचा कर्करोग झाला होता. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण माझ्या थोरल्या भावाला हाच आजार झाला तेव्हा आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. ‘खालचं दुखणं’ म्हणत. दादा त्या खालच्या दुखण्यानं शहाण्णव साली गेला. मी दोन हजार तीन साली आजारी पडलो आणि आज बसून हे लिहितो आहे. आईबाप एक, घर एक, दुखणं एक. मग फरक कशानं पडला? त्यातलं काही मला पक्कं कळलं आहे आणि काही कधीच कळणार नाही. ज्यांच्या घरात आज असा रिपोर्ट आला असेल, त्यांच्यासाठी दोन्ही सांगतो.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावचे. दादाचं बाजारात कापडाचं दुकान होतं, ते आता वहिनी चालवतात. मी इथल्याच हायस्कुलात इतिहास शिकवतो आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. वहिनी, माझी पत्नी शोभा आणि मी एकाच घरात राहतो.

आपले डॉक्टर

गावात एक डॉक्टर आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या बाबांचं हर्निया त्यांनी केलं, माझं अपेंडिक्स त्यांनी काढलं, शोभाचं सीझर त्यांनीच केलं. पेशंट गेला तर तेराव्याला घरी येऊन बसणारे डॉक्टर मी दुसरे पाहिले नाहीत. सगळं गाव त्यांना ‘आपले डॉक्टर’ म्हणतं. त्यांना डावलून दुसरीकडे जाणं म्हणजे काकाला न विचारता पुतणीचं लग्न ठरवण्यासारखं होतं. कायद्यानं गुन्हा नाही, पण नंतर तोंड दाखवायचं कसं?

चौऱ्याण्णव साली दादाला रक्त पडू लागलं. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं, गाठ आहे म्हणाले, आणि म्हणाले, “करून टाकू आपण.”

त्या दिवशी दुपारी जेवताना मी हळूच म्हटलं, नागपूरला एकदा दाखवून यावं का?

वहिनी वाढत होत्या. म्हणाल्या, “आपले डॉक्टर असताना नागपूरले कायले जायचं? तेथी कोन ओयखते आपल्याले?”

दादा म्हणाला, “बरोबर आहे. त्याईनं बाबाले हात लावला, मले लावू दे.”

मी गप्प बसलो. मी गप्प बसणाराच माणूस आहे.

ऑपरेशन झालं. शौचाची जागा कायमची बंद केली आणि पोटावर पिशवी आली. दादा दुकानात बसेनासा झाला. गिऱ्हाइकाला वास आला तर, ही एकच धास्ती. वहिनी दिवसातून तीनदा पिशवी बदलत, धूत, वाळवत. दीड वर्षानं गाठ त्याच जागी परत आली. शेवटच्या महिन्यात डॉक्टर रोज स्वतः घरी येऊन इंजेक्शन देत आणि दादाच्या पायाशी बसून राहत. त्यांच्याविरुद्ध आमच्या घरात कुणी शब्द काढला नाही. आजही काढत नाही.

पाच मार्क

मला रक्त दिसू लागलं तेव्हा मी चार महिने ते मूळव्याध आहे असं ठरवून टाकलं. मलम सिंदीत घेतलं नाही, वर्ध्याहून आणलं. भावाला काय झालं होतं ते डोळ्यांनी पाहिलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस मी. तरी चार महिने. वाचणाऱ्यांपैकी कुणी आज मलम लावत बसला असेल तर त्यानं एवढं वाचून थांबावं आणि आधी तपासून यावं.

शेवटी शोभानं धोतराच्या सोग्यावरचा डाग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुर्बीण घातली, तुकडा काढला, आठ दिवसांनी या म्हणाले. आठ दिवसांनी बाकावर बसून मी आठवीचे पेपर तपासत होतो. आत बोलावलं, सांगितलं, मी बाहेर आलो आणि उरलेले तीन पेपर तपासले. शाळेत एका मुलीनं नंतर येऊन विचारलं, “सर, पाचवा प्रश्न मी सोडवलाच नाही, मग पाच मार्क कसे?” ते मार्क मी तसेच राहू दिले.

रिपोर्ट सांगणारी डॉक्टर तरुण होती, शिकाऊच असावी. फाइलीची नाडी बांधता बांधता तिनं विचारलं, “ऑपरेशन कुठं करणार?”

“आमच्या सिंदीच्या डॉक्टरांकडे,” मी म्हटलं. सवयीनंच निघालं तोंडून.

“ते हे ऑपरेशन किती करतात?”

“ते सगळंच करतात.”

“सगळं नाही विचारलं, काका. हे.”

“माहीत नाही.”

“मग विचारा. हे ऑपरेशन वर्षातून किती वेळा करता, असं सरळ विचारा. ज्यांच्याकडे जाल त्यांना विचारा, आमच्या सरांनाही विचारा. कुणी रागावलं तर तिथं करू नका.”

ती पुढच्या पेशंटकडे वळली. तिचं नावही मला ठाऊक नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये शोभा खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला रडू आलं नाही. भीती होतीच, पण तिच्या शेजारी एक भलतीच उत्सुकता येऊन बसली होती. दादा गेल्यापासून मी मानत आलो होतो की हा आजार म्हणजे लिहून ठेवलेलं आहे, आपण फक्त पान उलटायचं. आणि एका पोरीनं मला सांगितलं की यात माणसाला विचारण्यासारखं काही आहे, आणि त्या उत्तरावर माझं जगणं काही अंशी अवलंबून आहे. सिंदीच्या अलीकडचं तुळजापूर स्टेशन येईपर्यंत मी तो प्रश्न मनात वीसदा म्हणून पाहिला. छातीत धडधडत होतं, पण ती धडधड निकालाच्या दिवसाची होती.

प्रश्नाचा सराव

घरी आल्यावर सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मंग डॉक्टरसायबाकडं कधी जायचं?”

“जाऊ. पण आधी त्यांना एक विचारायचं आहे.” आणि प्रश्न सांगितला.

वहिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या. “डॉक्टरले असं इचारते का कोनी? तुमाले हेडमास्तरनं इचारलं, का औंदा किती पोट्टे पास केले, तर कसं वाटन तुमाले?”

“दरवर्षी विचारतात, वहिनी.”

शोभा फसकन हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसणं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. “ज्यानं आपल्या घराचं इतकं केलं, त्याले तुमी तराजूत घालून राह्यले भाऊजी,” एवढं म्हणून त्या दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघून गेल्या.

मी ग्रंथालयातल्या कोऱ्या कार्डांवर तो प्रश्न लिहून पाहिला. ‘आपल्या अनुभवाविषयी’, ‘साधारणपणे’, ‘गैरसमज नसावा’ असले शब्द घालून पाहिले. जितका सभ्य होई तितका त्याचा जीव जाई. शेवटी त्या मुलीनं सांगितला तसाच ठेवला.

रजिस्टर

दुपारी चारला दवाखान्यात गर्दी नसते. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचला, चष्मा काढला आणि माझ्या हातावर हात ठेवला. “सर, दादाचंच निघालं.”

“हो.” मग मी विचारलं. “डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा करता?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, तीस वर्षांचा संबंध एका वाक्यात संपला. ते उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल कापडी पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर होतं. ऑपरेशन थिएटरचं. ते उलटी पानं चाळू लागले आणि मोठ्यानं वाचू लागले. “हर्निया. सीझर. सीझर. अपेंडिक्स. हायड्रोसील. सीझर. हर्निया.” मग दुसरं, जुनं रजिस्टर आणलं. बोट एका ओळीवर थांबलं. दादाचं नाव होतं.

“हे चौऱ्याण्णव,” ते म्हणाले. “याच्या आधी एक. आष्टीकडचा मानूस होता. अन् याच्यानंतर एक.”

“मग?”

“मग करनं सोडलं. कोनी इचारलं नाई, म्हनून कोनाले सांगितलं नाई.”

पंखा फिरत होता. त्यांनी रजिस्टर मिटलं नाही.

“सर, माझा हात वाईट नाई. हर्निया मी डोये मिटून करीन. पन हात एकाएका गोष्टीचा बसत असते. तुमच्या दादाचं मी पुस्तक आठवून आठवून केलं.”

मी विचारावं की नाही ते कळत नव्हतं, तरी विचारलं. “तेव्हा कुणी होतं का, जो हेच करत होता?”

“मुंबईले होते. नागपूरलेबी एक होते. मले ठाऊक होतं.” ते थांबले. “दादा म्हनाले, तुमीच करा. मले बरं वाटलं, सर. तेवढंच आहे ते. बरं वाटलं.”

एवढं खरं बोललेला माणूस मी आजवर पाहिला नाही. मला राग यायला हवा होता की काय, मी नंतर पुष्कळ शोधला, पण तो सापडला नाही. मी विचारलं म्हणून हे दार उघडलं होतं.

“आता नागपूरले एक जन आहे,” ते म्हणाले. “दुसरं काईच करत नाई, एवढंच करते. मी चिठ्ठी देतो.” पॅड ओढलं, पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “चिठ्ठी राहू द्या. मीच येतो संगं.”

नागपूरचे सर्जन

ते ठेंगणे, चाळिशीचे, भराभर बोलणारे. ‘बसा’ सुद्धा म्हणाले नाहीत, माझ्या स्कॅनची फिल्म लावून बघू लागले. मी धीर करून तोच प्रश्न विचारला. आमच्या डॉक्टरांनी जमिनीकडे पाहिलं.

सर्जन रागावले नाहीत. “वर्षाचं काय विचारता? आठवड्याचं विचारा. काल एक केलं, परवा दोन आहेत.” आणि माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं. आधी पाच आठवडे किरणांचा शेक, म्हणजे गाठ आकसेल. मग थांबायचं. मग ऑपरेशन. “पिशवी लागेल, पण तात्पुरती, दोन-तीन महिन्यांची. नंतर रस्ता पूर्वीसारखा जोडून द्यायचा. तसं करायला बघतो. शब्द देत नाही.”

पूर्वीसारखा. मी त्या चित्राकडे असा बघत होतो जसा कुणी नुकत्याच सापडलेल्या ताम्रपटाकडे बघेल. दादाच्या वेळी आमच्या कुणाच्या स्वप्नातही हे नव्हतं की त्या जागेपासून इतक्या जवळची गाठ काढून रस्ता राखता येतो.

जाताना आमचे डॉक्टर दाराशी अडखळले. वयानं त्या सर्जनहून वीसेक वर्षांनी मोठे. “ऑपरेशनच्या दिवशी मी आत उभा राह्यलो तर चालन का?”

“या ना सर. पण गप उभं राहायचं नाही. विचारायचं.”

शेक

रोजची पॅसेंजर, सिंदी ते सेवाग्राम. कमरेवर शाईच्या खुणा काढल्या होत्या, त्या पुसायच्या नव्हत्या, म्हणून पाच आठवडे मी कमरेला भिऊन आंघोळ केली. मशीनखाली जेमतेम दोन मिनिटं, त्याआधी बाकावर दोन तास. तिसऱ्या आठवड्यापासून बसता येईना. शौचाला दिवसातून दहादा, आणि दर वेळी आग. हे लपवत नाही, कारण मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी कमी घाबरलो असतो.

त्या बाकावर सेलूकडची एक भाजीवाली मावशी भेटे. तिच्या गालाला शेक चालू होता. मेथीची जुडी घेऊन यायची, मशीनवरच्या बाईसाठी. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “तुमचं कोन्त्या जागचं?”

“खालचं,” मी म्हटलं.

“खालचं मंजे? खालचं काय गावाचं नाव आहे का? मोकयं बोला ना गुरुजी, इथं कोन पाहुनं आलं आहे?”

मी म्हटलं. पहिल्यांदा, मोठ्यानं, पूर्ण शब्दात. आकाश कोसळलं नाही. मावशी म्हणाली, “हां. मंग बसायले रबराची रिंग घ्या, हवा भरायची. माह्या जेठानं घेतलती.” त्या रिंगेनं मला जेवढा आराम दिला तेवढा कोणत्याच औषधानं दिला नाही. शाळेत मी उभ्यानं शिकवलं. हेडमास्तरांनी शेवटचे तास काढून घेतले आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

साडेचार तास

डिसेंबरात ऑपरेशन झालं. सकाळी स्ट्रेचरवर नेताना मला दादा दिसत होता, त्याच निळ्या चादरीत. शोभानं माझा अंगठा धरला होता. वहिनी दाराशी उभ्या होत्या, हातात माझा चष्मा. नंतरचं काही आठवत नाही.

जे झालं ते मला आमच्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशी सांगितलं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, पहिल्या वर्गात आलेल्या पोरासारखं. साठीचा माणूस हातवारे करत होता.

“साडेचार तास, सर. अन् घाई म्हनून नाई. तुमच्या लायब्ररीत वल्ली झालेली पुस्तकं असतात ना, पानाले पान चिपकलेलं? तसं असते तेथी. आतडं अन् भवतालची चरबी, तिच्यावर एक पातय पापुद्रा. तो अन् मागचा पडदा, याच्या मधात एक वाट असते. कोष्ट्याच्या जाळ्यावानी पांढरी. ते त्या वाटेनंच जाते. कोठी फाटू देत नाई. सारं पाकीट अख्खं निघते. म्हनून मांगं काई राह्यत नाई. मी इचारलं, ही वाट दिसते कशी हो तुमाले? तर म्हने, पहिल्या पन्नास वेळेले मलेबी दिसत नोती.”

ते खूश होऊन बोलत होते. मी खूश होऊन ऐकत होतो. टाक्यांना ओढ बसेपर्यंत मान वर करून ऐकत होतो. “अन् आपन?” ते स्वतःलाच म्हणाले. “आपन दीड तासात उरकलं होतं.”

खोलीच्या कोपऱ्यात वहिनी माठातून पाणी काढत होत्या. पेल्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. वहिनींनी पेला झाकून ठेवला आणि त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या.

दुपारी सिस्टर पिशवी बदलायला शिकवायला आली. माझ्यानं पोटाकडे बघवेना. शोभा कात्री घेऊन नुसती उभी होती. वहिनी आत आल्या, पदर खोचला आणि सिस्टरला म्हणाल्या, “सरका बाई. मले येते.” कडा कशी गोल कापायची, कातडीला आधी कोरडं कसं करायचं, खाली वाकताना हात कुठं धरायचा, सगळं त्यांनी शोभाला दाखवलं. सिस्टर म्हणाली, “कुठं शिकल्या हो?” वहिनी म्हणाल्या, “घरी.”

माझा आनंद

काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. कडा साफ होत्या. सर्जन म्हणाले, पाकीट अखंड आहे. मला त्या शब्दाचा एवढा आनंद झाला की मी महिनाभर तो शब्द मिरवत फिरलो. गप्प बसणारा मी, स्टाफरूममध्ये, गाडीत, बाजारात, दिसेल त्याला सांगू लागलो. ऑपरेशन आहे? मग विचारा, किती वेळा करता. पित्ताशयाचं विचारा, गर्भाशयाचं विचारा. भीड धरू नका. मी नेमक्या माणसाकडे गेलो म्हणून वाचलो.

एका सकाळी शोभानं मला अंगणात गाठलं. “अहो, एक सांगू? तुम्ही हे रोज मोठमोठ्यानं सांगता. आत वहिनी असतात.”

“मग? चांगलंच सांगतो ना.”

“तुम्ही म्हणता, नेमक्या माणसाकडे गेलो म्हणून वाचलो. त्यांना काय ऐकू येतं?”

कापडाच्या दुकानात बसून दादाचं सगळं केलेली ती बाई नऊ वर्षं एक वाक्य पोटात घेऊन होती, आणि मी रोज त्यावर बोट ठेवत होतो. माझा प्रश्न चांगला होता. तो माझ्या घरातच एकाला कापत होता, हे मला दिसलं नव्हतं.

मार्चमध्ये पिशवी काढून रस्ता जोडायला मी पुन्हा नागपूरला गेलो. सर्जन राउंडला आले तेव्हा मी विचारलं, “माझा भाऊ तेव्हा तुमच्यासारख्याकडे गेला असता, तर वाचला असता का?”

ते पहिल्यांदाच सावकाश बोलले. “शंभर माणसांचं विचारा, सांगतो. जो हेच करतो त्याच्या हाताखालची जास्त जगतात, आणि कायमची पिशवी कमी जणांना लागते. एका माणसाचं विचारलं तर मला काही माहीत नाही. गाठ किती पुढं गेली होती, कुणी पाहिलं आहे? तुमचंही मला माहीत नाही. म्हणून तर पाच वर्षं येत राहा म्हणतो.”

जोडल्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी मला शौचाला झाली. पूर्वीच्या जागेनं. हे लिहिताना आजही हसू येतं. मी बाहेर येऊन शोभाला सांगितलं, शोभा खालच्या एसटीडीवर धावली आणि तिनं दुकानात फोन लावला. वहिनींसमोर गिऱ्हाईक होतं म्हणे, साडीचा घोळ उलगडलेला. तरी त्यांनी तिकडून विचारलं, “झाली का? कशी झाली? पातय का बांधून?” गिऱ्हाईक काय समजलं असेल देव जाणे. पुढचं वर्षभर मला दिवसातून सात-आठ वेळा धावावं लागे, आणि सिंदी ते वर्धा मधलं एकही शौचालय मला अनोळखी राहिलं नाही. पण धावत जायला जागा होती.

दुकानात

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी दुपारी दुकानात गेलो. वहिनी तागे गुंडाळत होत्या. मी एक टोक धरलं. दोघांनी चार तागे गुंडाळले.

मग त्या ताग्याकडेच बघत म्हणाल्या, “नागपूरच्या डॉक्टरले इचारलं असन तुमी.”

“काय?”

“मले काय येडी समजता का भाऊजी? ह्यांचं इचारलं असन. वाचले असते का म्हनून.”

“विचारलं.”

“मंग?”

मी सर्जनचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. शंभरांचंही, एकाचंही. काही झाकलं नाही.

त्यांनी तागा फळीवर ठेवला, नीट सरळ केला. “मंजे माहीत नाई.”

“माहीत नाही.”

“खरं सांगून राह्यले?”

“खरं. आणि वहिनी, मीही तिथंच बसलो होतो जेवायला. मीही पुढं बोललो नाही.”

“तुमी एकदा तरी म्हटलं. मी नको म्हटलं.” त्या पाटावर बसल्या. “सहा-सात महिने झाले, मले वाटून राह्यलं तुमी म्हनसान, वाचले असते. नाईतर माह्यासाठी खोटं बोलसान, नसते वाचले. दोन्हीबी मले पचलं नसतं. माहीत नाई हे मले पचते.”

बाहेरून कापसाच्या गाड्या जात होत्या.

“तुमी सांगत फिरता ना गावभर,” त्या म्हणाल्या, “ते बंद काऊन केलं? शोभानं सांगितलं असन. बंद नका करू. लिहा. लिहायचं येते तुमाले. पन आपल्या डॉक्टरसायबाचं लिहानं, का ते तुमच्यासंगं आले, उभे राह्यले. अन् माहं लिहा.”

मी लिहिलं, दोन वर्षं लावून. डॉक्टरांना वाचायला दिलं. त्यांनी रजिस्टरच्या भागापाशी ‘बरोबर आहे’ असं पेन्सिलीनं लिहून परत केलं. वहिनींना मी वाचून दाखवलं. दादाच्या ऑपरेशनच्या ठिकाणी मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, ‘बाहेर जाऊ नये असं घरच्यांचं मत पडलं.’

तिथं त्यांनी मला थांबवलं.

“घरच्याईचं नाई,” वहिनी म्हणाल्या. “माहं. खोडा ते.”